घासलं की तापायचंच

मैत्रिणींनो, गिरणीतून दळण घरी आलं की तुम्ही पहिल्यांदा काय करता? पिशवीचं तोंड सोडता आणि आत हात घालता. बारीक आलंय का, कोंडा फार आहे का, ते बघायला. आणि दरवेळी हाताला काय लागतं? पीठ गरम! थंडीच्या दिवसांत तर पोरं ती पिशवी मुद्दाम पोटाशी धरून आणतात. जन्मभर आपण हे बघतो, पण पीठ गरम का, हे कुणाला विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आणि माझं तर घरच गिरणीवाल्याचं!

आम्ही साक्रीचे. सुरत-धुळे रस्त्यावरचं, कान नदीकाठचं हे गाव. गिरणी सासऱ्यांनी घातलेली. दोन चक्क्या आणि एक मिरचीचं यंत्र, एवढाच पसारा. लग्न होऊन आले तेव्हा गिरणीशी माझा संबंध दुपारचा डबा पोचवण्यापुरता. पण २०१९ साली ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि पदर खोचून मी गिरणीवर बसले. आठ दिवसांत भुवयांपर्यंत पांढरी झाले. सासूबाई म्हणाल्या, "आता शोभतेस गिरणीवाल्याची सून!"

बसायला मिळालं ते नेमकं आखाजीच्या तोंडावर. खानदेशात आखाजी म्हणजे काय, हे खानदेशातल्या मैत्रिणींना सांगायला नको. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर आमरसाबरोबर खापरावरचे मांडे होतात. मांड्यांचं पीठ म्हणजे गिरणीवाल्याची परीक्षाच. ते असं मऊ आणि चिवट हवं, की हातावर ताणत ताणत कोपरापर्यंत न्यावं आणि फाटू नये.

दगडांना टाकी लावायची वेळ होऊन गेली होती. चक्कीचे दोन दगड असतात, एक जागचा हलत नाही, दुसरा फिरतो. दोन्हींवर चऱ्या पाडलेल्या असतात. त्या धारेनं दाणा फुटतो. दळून दळून धार बोथट झाली की टाकीवाल्याला बोलवायचं, तो छिन्नी-हातोडीनं दगड पुन्हा खडबडीत करून देतो. पूर्वी घरच्या घट्याला (आमच्या अहिराणीत जात्याला घट्या म्हणतात) टाकी लावायला अशीच माणसं दारावर यायची. पण टाकी लावायची म्हणजे अर्धा दिवस चक्की बंद, आणि बाहेर तर डब्यांची रांग. मी म्हटलं, आखाजी होऊ दे, मग बघू.

पीठ जाड येऊ लागलं. बायका कुरकुरल्या. मी काय केलं, तर हँडल फिरवून दगड आणखी जवळ आणले. पीठ बारीक झालं, सगळ्या खूश! फक्त ते नेहमीपेक्षा जास्त तापलेलं येत होतं, आणि भाजल्यासारखा किंचित वास. वैशाखाचं ऊन, वर पत्रा. मला वाटलं, उन्हाचाच ताप असेल.

सणाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक बाई ताटलीत फाटका मांडा घेऊन गिरणीवर आली. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती ताटली पुढं धरून म्हणाली, "पीठ जाळलंस व माय. जावयासमोर एक मांडा सलग उतरला नाही." तिची ती धाकटी लेक दोन वर्षांनी माहेरी आली होती. पैसे परत करून काय होणार होतं? मी केले, तिनं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टाकीवाले बाबा आले. दगड उघडून त्यांनी त्यावर तळहात फिरवला आणि हसले. म्हणाले, "पोरी, धारेचा दगड दळतो. बोथट दगड दळत नाही, नुसता घासतो. आणि घासलं की तापायचंच."

आता ह्या वाक्यावरून एक गंमत सांगते. मुलगी तेव्हा अकरावीच्या उंबरठ्यावर होती, विज्ञान घ्यायचं म्हणत होती. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "आई, ही तर रम्फर्डची गोष्ट!" हा रम्फर्ड म्हणजे दोनशे वर्षांमागचा एक गृहस्थ. जर्मनीत म्युनिकला तोफा तयार करण्याच्या कारखान्यावर देखरेख करायचा. ओतीव तोफेला आतून भोक पाडताना तोफ भयंकर तापते, हे त्यानं पाहिलं. त्या काळी शहाण्या माणसांची समजूत अशी, की उष्णता हा एक अदृश्य रस आहे आणि घासताना तो पदार्थातून बाहेर पडतो. ह्यानं मुद्दाम बोथट गिरमिट घेतलं, तोफेचा भाग पाण्याच्या पेटीत बसवला आणि घोडे लावून फिरवत ठेवला. अडीच तासांत पाणी खळखळा उकळलं! खाली काडीचा जाळ नाही. बघणारे तोंडात बोट घालून उभे राहिले, असं त्यानंच लिहून ठेवलंय. रस असता तर कधीतरी संपला असता. इथं घोडे फिरत होते तोवर उष्णता येतच होती. म्हणजे ती कुठून साठवणीतून येत नव्हती, घोड्यांचे कष्टच उष्णता होऊन बाहेर पडत होते. १७९८ साली त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं मांडलं. (ह्याच माणसानं कमी लाकडात जास्त शिजेल अशा सुधारलेल्या चुलीही बनवल्या होत्या. तेव्हा आपल्यापैकीच एक म्हणायला हरकत नाही!)

बोथट गिरमिट आणि बोथट दगड, दोन्हींचं एकच. आपल्याला वस्तू कितीही गुळगुळीत दिसो, बारकाईनं पाहिलं तर तिच्यावर डोंगर-दऱ्या असतात. दोन वस्तू एकमेकींवर सरकल्या की ते उंचवटे एकमेकांत अडकतात, वाकतात, तुटतात. त्यात जे बळ खर्ची पडतं ते वाया जात नाही, तिथंच ताप होऊन बसतं. थंडीत आपण हात हातावर चोळतो ते काय वेगळं असतं?

हे एकदा ध्यानात आलं आणि मला घरभर तेच दिसायला लागलं. शेंगदाण्याचा कूट मिक्सरमध्ये सलग फिरवला की कोमट होतो, तेल सुटतं आणि लगदा होतो. म्हणून मी थांबून थांबून, चमच्यानं हलवत करते. भांडं गच्च भरायचं नाही. बुडाच्या पात्याची दांडी हातानं मोकळी फिरते का, ते अधूनमधून बघायचं. ती जड फिरत असली की खालचा रबराचा कपलर झिजतो आणि जळकट वास येतो. आता मिक्सरची मोटर तापते ती सगळी घासण्यानं नव्हे, विजेचाही ताप त्यात असतो. पण वास कशाचाही असो, आला की बटण बंद! शिवणयंत्राचं तर आपल्याला ठाऊकच आहे. आठवड्याला तेलाचा थेंब. तो थेंब दोन लोखंडांमध्ये पातळ गादीसारखा पसरतो आणि उंचवटे उंचवट्यांना भिडू देत नाही. माझे वडील बैलगाडी जुंपण्यापूर्वी आसाला वंगण घालायचे, तेव्हा मी हाताला काळं लागतं म्हणून पळायची. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. लांबून वाटतं, वाऱ्यावर आपल्या सावकाश फिरताहेत. पण बाहेर पातं मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतं तेव्हा आतलं जनित्र हजाराच्या वर घेत असतं. मधल्या दात्यांना तेलाची आंघोळ, आणि ते तेल निववायला वेगळी सोय. एवढं मोठं यंत्र, पण त्याचीही गरज तीच, थेंबभर तेलाची. थेंब मोठा, इतकंच.

आणि गरम पिठाचं म्हणाल, तर ते आणल्याबरोबर डब्यात कोंबू नका. आतली वाफ झाकणाला धरते, पाणी होऊन खाली गळते, मग गुठळ्या होतात आणि किडे धरतात. ताटात नाहीतर स्वच्छ कापडावर पसरा, हाताच्या उलट्या बाजूनं बघा, गार झालं की भरा. कळण्याचं पीठ असेल तर जास्तच जपा.

पण मैत्रिणींनो, मी लेखणी धरली ती पिठासाठी नाही. वेगळंच सांगायचंय, आणि ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

टाकीवाल्या बाबांचं वाक्य ऐकलं त्याच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट, २००८ सालची. सुरतेला पुतण्याचं लग्न होतं. सुरतेत आपले खानदेशी लोक किती, ते तुम्ही जाणताच. उधन्याला गेलं की आपल्याच गावात आल्यासारखं वाटतं. भाड्याची जीप ठरवली. मागच्या बाजूला समोरासमोर बाकं, त्यात आम्ही सात बायका, पोरं, रुखवताच्या टोपल्या. माझी मुलगी पाच वर्षांची, मांडीवर झोपलेली. दहिवेल गेलं आणि कोंडाईबारीचा घाट लागला. साक्रीहून नवापूरकडे जाताना तो सगळा उतार.

ड्रायव्हर कोवळा पोरगा. डिझेल वाचतं म्हणून त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि नुसत्या ब्रेकवर उतरू लागला. तेव्हा आम्हाला त्यातलं काय कळतं? गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. दोन-तीन वळणं झाली आणि वास आला. जळका, नाकात चढणारा. मग चाकांपाशी निळसर धूर. पोरगा ब्रेक दाबतोय, आणि पायाखालचा दांडा भसकन खाली जातोय. पुढं बसलेले आमचे दीर ओरडले, "गिअर टाक! गिअर!" कसाबसा दुसरा गिअर पडला, गाडीनं गचका खाल्ला आणि डोंगराच्या बाजूला खडीत रुतून उभी राहिली. तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "पेटली! गाडी पेटली!"

मी काय केलं ते सांगते. मागचं दार उघडलं, मुलीला उचललं आणि एक पाय खाली टाकला. मागं बघितलं नाही. त्या क्षणी डोक्यात एकच होतं, गाडी पेटलीय, पोर बाहेर काढायची.

माझा दंड कुणीतरी असा धरला की बोटं उमटली. आमची मोठी माय, माझी चुलतसासू. अंगठेबहाद्दर बाई, आयुष्यात पाट्यावरवंट्यापलीकडे यंत्र शिवलं नाही. म्हणाली, "पयले देख व माय, कोठे उतरी ऱ्हायनी!" आणि मला आत ओढलं. त्याच वेळी मागून आलेला मालट्रक हॉर्न दाबत दारापासून हातभर अंतरानं गेला. माझी चप्पल खाली पडली होती. ती नंतर सापडली, पण घालण्यासारखी राहिली नव्हती.

गाडी पेटली नव्हतीच. ब्रेक तापून धूर निघत होता, एवढंच. बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघालेल्या आमच्या दिरांना वळणावर थांबलेल्या एका म्हाताऱ्या ट्रकड्रायव्हरनं अडवलं. "पाणी घालू नका, तापलेला ड्रम तडकतो. अर्धा तास बसा, आपोआप गार होईल." मग त्या पोराला त्यानं नीट समजावलं. ज्या गिअरनं घाट चढतोस त्याच गिअरनं उतर, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबून ठेवलास तर त्यातलं तेल उकळतं, आणि मग दांडा पोकळ होतो.

हा हिशेब मी पुढं मुलीकडून करून घेतला. भरलेली जीप दोन टनांची धरली, आणि शंभर मीटर उंचीवरून ती नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर जेवढी उष्णता होते तेवढीत सहा लिटर गार पाणी उकळेल. म्हणजे लग्नाघरच्या चहाचं आधण म्हणा ना! ते सगळं चार चाकांच्या ब्रेकमध्ये, काही मिनिटांत. धूर निघेल नाहीतर काय?

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. मोठ्या मायनंही वाच्यता केली नाही. लाज वाटायची. आपल्याच पोरीला आपणच ट्रकखाली घालणार होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग २०२५ सालची २२ जानेवारी आली. त्या दिवशी दुपार कलता कलता जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे ह्या स्टेशनांच्या मधे, लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसच्या डब्यात आग लागल्याची हाकाटी उठली. चाकापाशी ठिणग्या दिसल्या होत्या. कुणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली, माणसं भराभर खाली उतरली. काही शेजारच्या रुळावर. आणि त्या रुळावरून समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ माणसं गेली. तिथं रुळाला वळण होतं, असंही बातम्यांत आलं. आग नव्हतीच. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा दोन शक्यता सांगितल्या होत्या. एक म्हणजे ब्रेक चाकाला चिकटून राहिला असेल, दुसरी म्हणजे आस तापला असेल.

म्हणजे काय? ब्रेक सुटला पाहिजे तो सुटत नाही, आणि गाडी धावते तशी चाकावर घासत राहतो. नाहीतर चाकाच्या आसाचं वंगण सरतं, बेअरिंग बिघडतं आणि लोखंड लोखंडावर घासतं. माझ्या चक्कीत जे झालं तेच, फक्त गाडीच्या वेगानं. ठिणग्या उडतात, वास येतो, धूर येतो. हे रेल्वेला नवीन नाही. पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की त्यांची माणसं डब्यांच्या कडेनं चालत जाऊन आसाच्या पेटीवर हात लावून बघायची, आपण पोराच्या कपाळाला लावतो तसा. आता लांबूनच ताप मोजणारी यंत्रं आली आहेत.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर तोच विषय. एक गृहस्थ डबा ठेवता ठेवता म्हणाले, "काय मूर्ख लोक! धूर दिसला की उड्या मारायच्या?" मी चक्की बंद केली. खरंच बंद केली. म्हटलं, "भाऊ, मूर्ख म्हणू नका. मी मारली होती." आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा कोंडाईबारीची गोष्ट रांगेत उभ्या असलेल्या दहा-बारा माणसांपुढं सांगितली. हेही ऐकत होते. रात्री जेवताना म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या माणसांचं काय चुकलं? भीती चुकीची नव्हती. वास खरा होता, ठिणग्या खऱ्या होत्या. त्यांचा दंड धरणारी मोठी माय त्या डब्यात नव्हती. मी रात्रभर हाच विचार करत होते.

आमची मुलगी आता कल्याणला नोकरी करते. घरी येते तेव्हा चाळीसगावला उतरते, तिथून पुढं आम्ही तिला घेऊन येतो. म्हणजे पाचोऱ्याची लाइन ती हीच. तिला मी चार गोष्टी बजावून ठेवल्या आहेत, तुम्हीही घरच्यांना सांगा. वास आला, धूर दिसला तर आधी बघायचं, डब्याच्या आत आहे की खाली चाकापाशी. चाकापाशी असला तर जागेवर बसायचं आणि गाडीतल्या रेल्वेच्या माणसाला सांगायचं, नाहीतर १३९ ला फोन करायचा. डब्यातच जाळ असला तर आधी शेजारच्या डब्यात सरकायचं, पेट्या-पिशव्या टाकून द्यायच्या. आणि उतरल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूला, मान बाहेर काढून दोन्हीकडे बघून. पोरं आधी खाली सोडायची नाहीत, आपण आधी, मग पोरं.

गेल्या दिवाळीला ती यायला निघाली आणि संध्याकाळी तिचा फोन. गाडी दोन स्टेशनांच्या मधेच उभी, खालून जळकट वास, डब्यात गलका. माझ्या हातातला झारा तसाच राहिला, कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या. मी म्हटलं, "कुठं आहेस तू? दारात नाहीस ना?"

"नाही गं," ती म्हणाली. "मी बसलेय. समोरची बाई लेकराला घेऊन दाराकडं निघाली होती, तिचा हात धरून ठेवलाय."

मागं बाईचा रागावलेला आवाज येत होता आणि लेकरू रडत होतं. दहा मिनिटांनी दोघं माणसं टॉर्च घेऊन डब्याखाली वाकली, काहीतरी ठोकलं, आणि थोड्या वेळानं गाडी हलली. चाळीसगावला पोचायला पाऊण तास उशीर झाला.